न टोचलेलं वांगं

माय, काल मी भरतासाठी वांगी भाजली. धुळ्याच्या फ्लॅटमध्ये कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ कुठला, गॅसवरच. सगळ्या वांग्यांना सुरीनं टोचे मारले आणि नेहमीसारखं एक तसंच ठेवलं. ते फुटलंच नाही. देठाजवळून थोडी वाफ सोडत गुमान मऊ पडलं. शाळेत विज्ञान शिकवणारी तुझी लेक त्या वांग्याकडे बघत बसली.

तुला तो दिवस आठवत असेल. मी आठवीत असेन. मळ्यातल्या खोलीपुढे भरीत-पुऱ्यांचा बेत, आबांचे पाहुणे खाटांवर बसलेले, पऱ्हाट्या तडतडतायत. मी वांगी टोचतेय आणि विचारतेय, "पन टोचायचं कशाले?" काकू जाळ सारता सारता म्हणते, "टोचतात म्हनून टोचायचं." तू मात्र माझ्याजवळ वाकतेस, एक हिरवंगार वांगं बाजूला सारतेस आणि हळूच म्हणतेस, "हे राहू दे. मंग पाह्य काय होते ते." आणि मग तो आवाज! गरम गर थेट पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. आबा कडाडले, "या पोरीले काही अक्कल हाये का?" तू पदराला हात पुसत म्हणालीस, "तिले काय बोलता? मीच राहू दिलं ते." भांडी घासताना मी तुला विचारलं, आत वाफ कोंडली असेल का गं? तू म्हणालीस, "मले काय मालूम? तू शिक आन मले सांग."

त्या एका वाक्यावर मी शिकले, माय. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते. पोरं हसतात, आणि मग प्रश्न विचारायला लागतात.

दिवाळीत अक्का मुक्ताईनगरहून आली होती. तिच्या नातवाला मी ही गोष्ट सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, "काय सांगते वं तू? माय तं खोलीत पुऱ्या तयत व्हती. आवाज झाला तवा बाहेर आली. ते वांगं टोचायचं तूच इसरली. तुले मार बसू नये म्हनून माय खोटं बोलली." मला असा राग आला! पण मीच वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगते की आपण आठवण जपून ठेवत नाही, दर वेळी ती नव्यानं रचतो, आणि त्यात आपण काय घातलं हे आपल्यालाच कळत नाही. आता ते माझ्यावरच आलं.

अक्काचं खरं असेल, तर ते वांगं बाजूला सारून तो प्रश्न तू मला दिलाच नाहीस. मग लग्न झाल्यापासून आबांपुढे कधी ब्र न काढलेली तू, त्या दिवशी चार पाहुण्यांदेखत माझ्यासाठी उभी राहिलीस. हेही काही कमी नाही. कधी कधी मला हेच जास्त आवडतं. पण तू वाकलीस तेव्हा तुझ्या केसांना आलेला धुराचा वास मला अजून येतो, त्याचं काय करू?

विचारायला तू आता नाहीस. काकू आहे, वरणगावला लेकाकडे असते. ती जाळाजवळच बसली होती, आणि तिची आठवण अजून खणखणीत आहे. शंका आली की तपासून बघा, असं मी पोरांना रोज सांगते. काकूचा नंबर माझ्याकडे आहे. मी तो अजून लावलेला नाही.