एका ओळीनं फुटलेला बांध

मंगळवार, संध्याकाळ. अंथुर्णे.

कारखान्याचं ऊसतोडीचं ॲप चाचणीच्या सर्व्हरवर चढवताना खऱ्या सर्व्हरची सेटिंगची फाईल तशीच टाकली, त्यातली मेसेज कुणाला जायचा हे ठरवणारी एक ओळ बदलायची विसरले. झालं! ‘उद्या तुमच्या उसाला तोड’ हा नमुन्याचा मेसेज खऱ्या शेतकऱ्यांना गेला.

लक्षात आल्याबरोबर एकेकाला फोन करून माफी मागितली. निरवांगीचे तात्या म्हणाले, “पोरी, ट्रॅक्टरला वाट म्हणून म्या बांध फोडला की!”

“तात्या, आधी विचारायचं तरी!”

“कारखान्याचा मेसेज हाय म्हटल्यावर इचारायचं कुणाला?”

एका ओळीत एवढी ताकद? नुसती ओळ, अन् तिकडं म्हाताऱ्या माणसानं फावडं उचललं.

ओळ मी दोन मिनिटांत दुरुस्त केली. बांध घालायला तात्यांचा उद्याचा दिवस जाईल.