दोन देशांचा जावई

१३ ऑक्टोबर २००७, शुगर लँड, टेक्सास

एका फुशारकीची किंमत काय? एका म्हाताऱ्याची शेवटची इच्छा.

संध्याकाळी थायलंडमधल्या चियांगमाईहून मालीचा, माझ्या होणाऱ्या बायकोचा, फोन आला. ती बोलण्याआधीच मागे भिक्खूंचं पठण ऐकू आलं आणि मी समजलो. तिचे वडील गेले. लेकीचं लग्न डोळ्यांदेखत नोंदलं जावं, एवढंच हवं होतं त्यांना.

गेल्या महिन्यात तिथल्या लग्ननोंदणीच्या कचेरीत सगळं तयार होतं. मी विधुर, लग्नाला मोकळा, असा अमेरिकन वकिलातीचा कागद, त्याचं थाई भाषांतर. म्हातारा व्हीलचेअरवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गप्प बसलो असतो तर? पण मसाल्याच्या एका दुकानाची चार केलेला मी! सासऱ्यावर छाप पाडायला भारताचं ओव्हरसीज सिटिझन कार्ड टेबलावर टाकलं. "दोन देशांचा नागरिक आहे मी. तुमची मुलगी कुठेच अडणार नाही."

माली कुजबुजली, "दिलीप, पुरे. सही कर."

कारकून म्हणाला, "मग भारताचाही कागद आणा."

धावत बँकॉकला आपल्या भारतीय वकिलातीत गेलो. खिडकीतला अधिकारी मराठीच निघाला. "काका, हा दाखला आम्ही फक्त भारतीयांना देतो." कारकून मात्र आता कागदाशिवाय ऐकेना. दुकानांसाठी तसाच अमेरिकेला परतलो.

तोच पांढरा शर्ट आज त्यांना घातलाय म्हणे. माली रडली नाही, रागावलीही नाही.

मी भारताचा नागरिक नाही. ते कार्ड म्हणजे नुसता कायमचा व्हिसा आहे.