दहावं बूच

दार्सैत, मस्कत
५ जानेवारी २०२५

ती. सफूराआपांस,

हवाबीचा सलाम वि. वि. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. आपल्या गावचा नूरैन सुट्टीवर हर्णैला निघालाय, म्हणून त्याच्या हाती हे पत्र.

मी बरी आहे. नवऱ्यामागच्या इद्दतीचे तीन महिने झाले, आणखी महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. शेजारची प्रेमा भाजी आणून देते आणि उंबऱ्यावर बसून गप्पाही मारते.

तुमचा भाऊ शेवटी कुठल्या कामावर होता, असं तुम्ही विचारलंत. इथल्या गाला भागातल्या गॅरेजमध्ये मालकांनी, म्हणजे अर्बाबनी, एक जुनी गाडी आणलीय. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईतली. जाड पोलादी पत्र्याची, चाकांऐवजी लोखंडी पट्टे. समुद्रात होडीसारखी तरंगायची आणि वाळू लागली की तशीच वर चढायची. शिपायांना गोळ्यांच्या पावसात किनाऱ्यावर उतरवायला केलेली. आमच्या यासिरच्या अब्बांनी दोन वर्षं खपून ती चालती केली. तिच्याच पोटाखालून बाहेर आले, पाणी मागितलं आणि बसले ते उठले नाहीत.

आता ती समुद्रात उतरवायचीय. तिच्या तळाला भोकं आहेत, आत शिरलेलं पाणी जमिनीवर आल्यावर सोडायला. पाण्यात नेण्याआधी त्यांना पितळी बुचं लावायची. तुमच्या अब्बांचा होड्यांचा नियम तुमच्या भावाने गॅरेजातही लावला होता: ज्याने भेग बुजवली, त्याने पहिल्या फेरीला आत बसायचं. बुचं आता त्यांच्या जागी यासिर लावणार, म्हणजे आत तोच बसणार. डिसेंबरातच उतरवणार होते, पण अर्बाबनी निरोप धाडला की यूनुसच्या घरच्या बाईची, म्हणजे माझी, इद्दत संपेपर्यंत गाडी पाण्यात जाणार नाही. तिला किनाऱ्यावर उभं राहून बघता आलं पाहिजे. एवढा मान कोण देतं, आपा?

तुमचा गुडघा जपा, जिना उगाच चढू नका.

आपली,
हवाबी


हर्णै
१६ जानेवारी २०२५

चि. हवाबीस,

अनेक दुआ वि. वि. खजूर पोचले. नूरैनने वाटेत निम्मे खाल्ले असणार, डबा हलका लागला.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला. त्या लोखंडी डब्याने माझा भाऊ नेला. आता भाचा त्यात बसून समुद्रात जाणार आणि तू मला मान सांगतेस? अर्बाबना हौस आहे तर अर्बाबनी बसावं. यासिरला सांग, फुफीने कसम घातलीय.

अब्बांचा नियम मला शिकवू नकोस. रजब खलाशाच्या नव्या होडीत ते बसले तेव्हा मी आठ वर्षांची होते. होडी दिसेनाशी झाली तेव्हा अम्मीने माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. परत आले, खरं आहे. पण अब्बा प्रत्येक भेग बोटाने चाचपून बघायचे, डोळ्यांवर भरवसा ठेवायचे नाहीत. यासिर चाचपतो का? नाही तर सगळं इंग्रजी पुस्तकात बघतो?

रागावले तरी तुझीच आहे. उत्तर लवकर धाड.

सफूरा


दार्सैत
२८ जानेवारी २०२५

ती. सफूराआपांस,

सलाम वि. वि. तुमचा राग अल्लाने कारणी लावला असं म्हणते, का ते ऐका.

तुमच्या पत्रातलं 'यासिर चाचपतो का?' हे मी यासिरला वाचून दाखवलं. तो हसून म्हणाला, फुफीला सांग, गाडीच्या पुस्तकात नऊ भोकं आहेत, नऊ बुचं तयार आहेत, खलास. मी विचारलं, अब्बांची वही पाहिलीस? पाहिली नव्हती. इथल्या शाळेत शिकलेला, त्याला मराठी अक्षर लावत लावत वाचावं लागतं. गॅरेजातल्या बाकीच्यांना तेवढंही येत नाही.

वही त्यांच्या डब्याच्या पिशवीत होती. पिशवी दारामागच्या खुंटीवर तशीच टांगलेली. चार महिने मी तिला हात लावला नव्हता. परवा काढली. डब्यात भाताची शितं वाळून खडे झाली होती. ती धुतली, मग वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलंय: "दहावं भोक. मागच्या कप्प्यात, डाव्या अंगाला, गंजाखाली. पुस्तकात नाही, मागाहून कुणीतरी पाडलंय. बोटाला लागलं." खाली तारीख, ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची. आणि पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी बूच, लेथवर स्वतः काढलेलं.

यासिर तसाच गॅरेजात गेला. परत आला तेव्हा त्याच्या नखांत गंज भरला होता. वरचा गंज खरवडला तर भोक होतं, अंगठा जाईल एवढं. अर्बाब माझ्यासाठी थांबले नसते, तर पोरगा डिसेंबरातच नऊ बुचांवर समुद्रात गेला असता.

लग्न होऊन आले तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी अक्षरं जुळवायचे. तुम्ही हसायचात की ही साखरेआधी कागद चाटते. हसत हसत अडलेलं अक्षर सांगायचातही. ते आज कामी आलं.

नियम मोडणार नाही, पण बूच कोण लावणार त्यात एक बदल मी केलाय. कसम घालू नका.

हवाबी


दार्सैत
१८ फेब्रुवारी २०२५

ती. सफूराआपांस,

सलाम वि. वि. आम्ही दोघंही सुखरूप आहोत. आधी हे वाचा, मग बाकीचं.

इद्दत संपली आणि दहावं बूच मी लावलं. यासिरने पाना धरायला शिकवलं. कडेने बोट फिरवलं, दोनदा. ज्याने बुजवलं त्याने बसायचं, म्हणून मीही आत बसले. यासिर आधी नको नको म्हणाला. मी म्हटलं, नियम तुझ्या आजोबांचा आहे, त्यांच्याशी भांड.

सीबच्या किनाऱ्यावरून उतरलो. बाजूला मच्छीमारांची होडी दोरी बांधून होती. पाणी पत्र्यावर आपटायला लागलं तेव्हा बाहेरचं काही दिसेना. मी चपला काढून पाय तळाला टेकवले, ओल लागली तर कळावी म्हणून. याच जागी कोवळी पोरं खांद्याला खांदा लावून बसली असतील, पुढे काय आहे हे ठाऊक असून. त्यांच्यासाठी तेवढ्यात जी दुआ आठवली ती म्हटली. आमच्यापुढे नुसती वाळू असणार होती आणि तिच्यावर हात हलवणारे अर्बाब.

पट्टे वाळूला लागले आणि गाडी चढली. मग एकेक बूच उघडलं. नऊ ठिकाणी थोडं थोडं पाणी निघालं, यासिर म्हणाला तेवढं चालतं. दहावं मीच उघडलं आणि खाली ओंजळ धरून बसले. बराच वेळ धरली, आपा.

ओंजळ कोरडी राहिली.

तुमची माया माझ्यावर अशीच असू द्या.

हवाबी