घळीकडचं भुयार

२६ डिसेंबर

एव्हारिस्टला माहीत आहे!

नाताळाला सगळं घराणं डोंगरावर आलेलं. अंगण माणसांनी भरलेलं. आणि माझा धाकटा भाऊ एव्हारिस्ट केळ्याच्या दारूने, म्बेगेने, भरलेला भोपळा उंच धरून सांगतो — "आपल्या वाडीत पूर्वजांचं भुयार आहे. विद्यापीठातून नोएला येणार, मोजमाप घेणार. मग बाहेरचे लोकही बघायला येतील!" वर टाळ्या. माझी पळी केळी-मटणाच्या हंड्यात तशीच राहिली.

ते भुयार फक्त माझं होतं. बाबांचे शब्द — "फक्त तुला सांगतोय." मी अठरा वर्षांची. मिशनची निवासी शाळा संपलेली, दुसऱ्या दिवशी मठात जायचं होतं, नन व्हायला. ट्रंक भरून तयार. बाबांनी मला घळीच्या कडेला नेलं, फांद्या बाजूला सारल्या. "टोळ्या चालून यायच्या तेव्हा आपल्या बायका, आपली गुरं इथे लपायची. माझ्या मागे हे राखणार कोण?"

मी ट्रंक उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले. गावच्या शाळेत शिकवत राहिले. ना मठ, ना नवरा. डोडोमाहून मुख्याध्यापकीचं बोलावणं आलं, तेही नाकारलं. कोणाला कारण सांगितलं नाही. आणि हे त्यांनी या बडबड्यालाही सांगून ठेवलं होतं?

२७ डिसेंबर

"दाखव," म्हटलं. हा निघाला गोठ्याकडे. गोठ्याकडे! गव्हाणीखालची फळी उचलली. खाली काळोख.

"हे?"

"मग आणखी कुठलं? घर माझ्याकडे सोपवलं तेव्हा बाबांनी दाखवलं. आपल्यातल्या सगळ्या पुरुषांना ठाऊक आहे, ताई."

"आणि बायकांना?"

"बायकांना सांगितलं की बाजारात पोचतं." स्वतःच हसला, गाढव.

त्याच गोठ्यात मी जन्मभर शेण काढलं. भुयाराच्या डोक्यावर उभी राहून! बाबांनी चकार शब्द काढला नाही. मुलाला सांगायचं, मुलीला नाही — इतर बापांसारखाच हा बाप.

पण म्हणजे दोन आहेत. घळीकडचं याला माहीत नाही. ते अजून माझंच.

२९ डिसेंबर

एव्हारिस्टशी बोलले नाही. त्याच्या बायकोने मीठ मागितलं. दिलं, खिडकीतून.

३ जानेवारी

नोएला आली. माझ्याच हाताखाली शिकलेली पोर. जुनी माणसं या ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत कशी वसली, शिखरावरच्या बर्फाचं पाणी पाटांनी वाडीत कसं आणलं, याचा अभ्यास करते. गोठ्याखालून चिखलाने माखून वर आली ती नाचतच. "बाई, किती पिढ्यांचं आहे हे! भिंतींवर अरुंद कुदळीचे टोचे अजून जसेच्या तसे आहेत."

एव्हारिस्टची छाती फुगली. "बघ ताई, काय राखलंय मी."

"राखलंयस? गाईने राखलंय. ती तुझ्यापेक्षा कमी बोलते."

आणि मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, नोएला, चल घळीकडे. इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, आणि भावाची जिरवायला ते उघडलं. एव्हारिस्टचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं!

नोएला आत गेली. बराच वेळ आतच. बाहेर आली. तोंडावरची माती तिने बाहीने पुसली. "उद्या-परवा सांगते, बाई."

५ जानेवारी

"रागावू नका, बाई."

असं म्हणणाऱ्यावर मी आधीच रागावते.

"हे जुनं नाही. भिंतींवर फावड्याचे वार आहेत, दुकानात मिळतं तसल्या रुंद फावड्याचे. आणि खणून काढलेल्या मातीचा ढीग तोंडाशीच आहे ना, त्याच्या तळाशी हे सापडलं." हातात सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच. गंजलेलं.

"तुझं गणित नेहमीच कच्चं होतं," म्हटलं. तिचं गणित कच्चं नव्हतं. वर्गात पहिली यायची.

म्हणजे मुलाला खरं आणि मुलीला खोटं! कोणाचा तरी कसलासा खड्डा दाखवला आणि म्हणाले, हे पूर्वज. मी भाबडी, सिस्टरांनी खरं बोलायला शिकवलेली, मला वाटलं बापही खरंच बोलतो. त्या खड्ड्यापायी माझा पांढरा झगा गेला, माझं आयुष्य गेलं. हल्लेखोर घरातच होता.

रविवारी बाबांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली होती. फादरकडे जाऊन रद्द करून आले. "काही विशेष कारण?" फादर म्हणाले. म्हटलं, ज्याच्यासाठी सांगितली होती तो माणूस मला माहीत नाही.

७ जानेवारी

नोएला पुन्हा कंदील घेऊन आत जाऊन आली. "एकाच माणसाने खणलंय, बाई. डावखुऱ्याने, वारांचा कल सांगतो. एकट्याला दोन-तीन महिने तरी लागले असतील."

या घरात डावखुरे एकटे बाबाच.

त्या वर्षी मिशनची शाळा संपवून मी घरी आले, तेव्हा त्यांचे तळहात फाटलेले होते. "पाट उपसला," म्हणाले होते.

एव्हारिस्ट विचारतोय, खोटंच आहे तर बुजवून केळी लावू?

हात लावून बघ म्हणावं!