चाड्यावरची मूठ

इंदुरी, सोमवार, १४ ऑक्टोबर १९६३, संध्याकाळ

ज्वारी उगवली, पण आई तिकडे बघायला तयार नाही. हातभर जमीन मोकळी, मग एका जागी कोंबांचा पुंजका, पुन्हा मोकळी. सगळं शेत असंच.

पेरताना पाभरीच्या चाड्यावर मूठ दर साली आईचीच. मुठीतून दाणे चाड्याच्या वाटीत सारखे सोडायचे, म्हणजे तिन्ही नळ्यांतून ते सारखे खाली उतरतात. हे काम तिनं माझ्या बायकोला कधी करू दिलं नाही.

"नळी तुंबली व्हती रं," दुपारपासून तिचं हेच चाललंय. "वल्या मातीनं तुंबती. दुसरं काय न्हाई."

मी व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण नळी तुंबली तर एकच ओळ रिकामी राहते. इथं तिन्ही ओळी एकाच जागी तुटल्यात. हे मला कळतं, मग जन्मभर पेरणाऱ्या तिला कळत नसेल? जमिनीतली ओल गेली, आता पुन्हा पेरून उपयोग नाही. आणि पुढच्या साली तरी...

मघाशी ती ओट्यावर बसली होती. पुढ्यात सूप, मुठीत ज्वारी. मूठ तिनं सुपावर धरली, पण एक दाणा सुटेना. मग डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. सगळे दाणे एकदम पडले.

मी दारातूनच मागं फिरलो. तिनं मला पाहिलं नाही, असं मी धरून चाललोय.

आत बसून हे लिहितोय. बाहेर बराच वेळ काही ऐकू येत नाही. मग सगळे दाणे एकदम सुपात पडतात.