इथे वारा फार आहे

४ मार्च
पीटीचे सर शिडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये. वाईट झालं. तसं बरंही झालं. मोठ्या बाई म्हणाल्या, तू नुसती फक्की टाकून मैदान आखतोस, आता पोरांकडेही बघ. मारामाऱ्या थांबल्या तर सरांच्या हाताखाली कायमचा घेते. लगेच आईला फोन. सर झालो म्हणून सांगितलं. आई म्हणाली, अरे, तू सातवी नापास ना? म्हटलं, इतक्या लांब कोण विचारतंय!

५ मार्च
चेंडू मारून आऊट करायचा खेळ घेतला. माझा नियम : चेंडू लागला की आपणच हात वर करून बाहेर जायचं. शिट्टी नाही, अंपायर नाही. खेळातून संस्कार!
घंटा होईपर्यंत कोणालाच चेंडू लागला नाही. चमत्कारच.

८ मार्च
सहावीतल्या चष्मेवालीने हात वर केला. म्हणे वेणीला लागला. वेणीला! मलाही दिसलं नव्हतं. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मग एकेक हात वर. भांडणं बंद. चारित्र्यावर भाषण ठोकलं. आवाज छान लागला होता.

१३ मार्च
शिक्षक विरुद्ध सहावी. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसलेल्या. शेवटी आमच्याकडून मी उरलो, समोर चष्मेवाली. तिचा चेंडू माझ्या बाहीला घासून गेला. किंचित. हात वर करणारच होतो, पण मोठ्या बाई माझं नाव घेऊन ओरडत होत्या. चष्मेवाली म्हणाली, सर, लागला. म्हटलं, नाही गं, वाऱ्याने शर्ट हलला.
पुढच्याच चेंडूला ती आऊट. हात वर करून गेली.
जिंकलो. जेवण गेलं नाही. ऊन लागलं असणार.

१४ मार्च
ठरलं. उद्या सगळ्यांसमोर हात वर करायचा. म्हणजे करायचाच.

१५ मार्च
खांदा दुखतोय. शिवाय आईचा फोन आला. आळीभर सांगून आली, पोरगा सर झाला.

१९ मार्च
चेंडू पाठीत बसतो, धप्पकन आवाज येतो, पोरं म्हणतात, वारा, सर. एकाच्या नाकातून रक्त आलं. नाक दाबून म्हणाला, वारा. परत मारामाऱ्या. चष्मेवाली आता खेळतच नाही.

२७ मार्च
सर कुबडी घेऊन आले. तास बघितला. म्हणाले, काय रे, एकही पोरगं आऊट कसं होत नाही? सगळी सहावी माझ्याकडे बघत होती. हात अर्धा वर गेला. मग डोकं खाजवलं. म्हटलं, सर, इथे वारा फार आहे.
सरांनी फक्कीचा डबा माझ्या हातात दिला.
मैदान आखलं. फक्की सरळ खाली पडत होती.