जळकी झुडपं आणि बाबांच्या आंघोळीचं पाणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). दाजींची पाठ आता कशी आहे? इकडे मी बरा, बाबा माझ्याहून बरे. त्यांना करमत नसेल तर रविवारी येऊन घेऊन जाते, असं तू लिहिलंस. त्याआधी इथे झालेला घोळ ऐक.

वाळलेल्या गवतानं पेट घेतला आणि वाळवंटातली झुडपं कोळसा झाली, हे तुला कळवलंच होतं. आता माझं काम एवढंच, की रोज जाऊन बघायचं, कुठलं झुडूप आपलं आपण फुटतंय. पाण्याचा थेंब घालायचा नाही. (नुसतं बघत बसायचा पगार मिळतो, असं बाबा आमच्या शिपायाला सांगून आलेत.) तर मागच्या आठवड्यात आमच्या खोलीमागच्या तीन झुडपांना बुंध्यापाशी लुसलुशीत कोंब आले. बाकी सगळं काळंठिक्कर! मला आभाळ ठेंगणं झालं. आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाईंना अक्षरशः ओढत आणलं. बाई गुडघ्यांवर बसल्या, माती हुंगली आणि म्हणाल्या, साबणाचा वास कसा येतोय?

मी कपाळाला हात लावला. अगं, बाबा रोज टबात उभं राहून आंघोळ करायचे आणि ते पाणी बादलीनं झुडपांना घालायचे! वर तोंड करून बाईंनाच विचारतात, घरात कुणी भाजलं तर तुम्ही लांबून बघत बसता का? आता नोकरी जाते म्हणून माझी पाचावर धारण बसली. पण बाई हसतच सुटल्या. ती तीन झुडपं त्यांनी मोजणीतून वगळली आणि बाबांना बहाल केली.

गंमत म्हणजे परवा लांबची, थेंबभरही पाणी न मिळालेली झुडपंही फुटली. वरचं जळलं तरी खाली मूळ तग धरून होतं. (सगळीच नाही, काही गेली ती गेलीच.) बाबा आधी रुसले, मग माझ्याआधी तीही बघायला जाऊ लागले आणि नवा कोंब दिसला की हसत सांगत येतात. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटतं गं.

तुझा,
धाकटा

ता. क. – तेव्हा रविवारी जरूर ये, चार दिवस राहा, पण बाबांना नेऊ नकोस. त्यांना झुडपांचा लळा लागलाय.

ता. क. २ – (हे मी लिहितोय, बाबा.) पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. झुडपांचं काय, ती माझ्यावाचूनही उगवतात. हा मात्र हलवल्याशिवाय उठत नाही आणि ताट पुढ्यात ठेवल्याशिवाय जेवत नाही. याला एकट्याला टाकून मी कुठे येऊ? त्याला यातलं काही बोलू नकोस.